ग्रिलमधली झडप

खिडकीला ग्रिल बसवून झालं, की चाचा त्यातली झडप उघडायचे आणि स्वतःचं डोकं बाहेर काढायचे. मग एक खांदा, मग दुसरा. तिसऱ्या मजल्यावर कमरेपर्यंत बाहेर येऊन, मागे वळून घरातल्या बाईला सांगायचे, “डोकं निघालं की माणूस निघतो. बघून घ्या, वहिनी.” वहिनी काय बघणार, त्या डोळे गच्च मिटून उभ्या असायच्या. खालून वॉचमन ओरडायचा. चाचा मात्र आरामात आत यायचे, झडपेची कडी दोनदा वरखाली करून बघायचे आणि मगच हत्यारं पिशवीत भरायचे.

तुमच्याही इमारतीत असा एखादा ग्रिलवाला येऊन गेला असेल. तो काम करून जातो आणि पुढची कित्येक वर्षं आपण त्याच्या सळयांना ओले टॉवेल अडकवतो. त्याचा चेहरा कुणाला आठवत नाही. मला यांचा आठवतो, आणि त्याच्यासोबत आमच्या सोसायटीतले बाकीचे चेहरेही आठवतात. ते आठवले नसते तर बरं झालं असतं.

आमची सोसायटी मुलुंडची. ऐंशीच्या सुमाराला आम्ही राहायला आलो तेव्हा गल्लीच्या टोकाला, लहान कारखाने सुरू होतात तिथे, चाचांची पत्र्याची शेड होती. पुढे वेल्डिंगचं काम, मागे एका खोलीत ते आणि त्यांची बायको. मुलगी एकच, ती लग्न होऊन रत्नागिरीला गेलेली. शेडवरच्या बोर्डावर त्यांचं नाव चांगलं ठळक लिहिलेलं होतं, पण आम्ही सगळे त्यांना चाचाच म्हणायचो. नाव घेतलं असतं तर माणूस नीट लक्षात ठेवावा लागला असता.

झडपेवरून त्यांचं प्रत्येक घरी भांडण व्हायचं. लोकांना ग्रिल हवं होतं ते चोरासाठी, आणि चोरासाठी लावलेल्या ग्रिलमध्ये माणूस जाईल एवढं भोक कशाला, हे कुणालाच पटत नव्हतं. चाचा भांडायचे नाहीत, नुसते काम थांबवून बसायचे. “कडी आतून आहे. कुलूप तुमचं, चावी तुमची. मी फक्त झडप ठेवतो.” शेवटी लोक कंटाळून हो म्हणायचे. आमचे अध्यक्ष अंगाने भरभक्कम. त्यांच्या खिडकीचं माप घेताना चाचांनी टेप त्यांच्या पोटाशी धरली, बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, “साहेब, तुमच्यासाठी झडप नाही, दरवाजा करावा लागेल.” अध्यक्ष तेव्हा हसले होते. हसू यायचं त्यांना त्या काळात.

आमच्या घरी मात्र भांडण झडपेवरून झालं नाही. आमच्या घरी आई होती.

माझी आई कुडाळकडची. वडील गेल्यावर माझ्याकडे आलेली, नऊवारी, कपाळावर आणि हातावर गोंदण, आणि सोवळ्याओवळ्याची इतकी कडक की माझी बायकोसुद्धा तिच्या पाण्याच्या कळशीला हात लावायची नाही. चाचा कामाला आले त्या दिवशी तिने त्यांच्यासाठी एक कप वेगळा काढला. जाड, पांढरा, कडेला निळी रेघ, कान तुटलेला. चहा झाला की तो कप बाहेर गॅलरीत, कुंडीच्या मागे जायचा. चाचा तो स्वतः नळाखाली धुवून तिथे ठेवायचे. आई त्यांच्याशी थेट बोलायचीही नाही. मला सांगायची, “तेका सांग, भिंतीक भोक मोठा पडता हा.” चाचा तिथेच, दोन हातांवर.

एकदा भिंतीत खिळा वाकडा गेला आणि चाचांच्या तोंडून एक शिवी निघाली. अस्सल मालवणी. इकडे लिहिता येणार नाही. आई स्वयंपाकघरातून हातातली पळी तशीच घेऊन बाहेर आली. मला वाटलं, आता संपलं. तिने पहिल्यांदाच त्यांच्याकडे बघून विचारलं, “तू खंयचो रे?”

“बांद्याचो, काकी.”

“बांद्याचो? माजा म्हायार इन्सुलीचा, बांद्याच्या बाजूचा.”

मग काय, त्या दिवशी भिंतीतलं भोक तसंच राहिलं. बांद्याचा बाजार, तिथली नदी, कुठल्या वळणावर कुणाचं काजूचं झाड, कुणी कुणाची जमीन लाटली, हे सगळं आमच्या मुलुंडच्या खोलीत होऊन गेलं. मी ऑफिसात चारचौघांत शुद्ध बोलायला शिकलो होतो, आणि माझी बायको पुण्याची. आईशी तिच्या बोलीत बोलणारा माणूस तिला कित्येक महिन्यांनी भेटला होता, आणि तो नेमका हा निघाला. तिची फार पंचाईत झाली. कप तरीही कुंडीच्या मागेच राहिला. पण पंधरवड्यात ती त्यांना “मेल्या” म्हणायला लागली. आमच्याकडची म्हातारी माणसं ज्याला मेल्या म्हणतात, त्याला घरचं समजतात.

काम संपल्यावरही चाचा यायचे. रविवारी दुपारी, गंज बघायचं निमित्त काढून. नव्या ग्रिलला कसला गंज? पण आई म्हणायची, बघून जाऊ दे.

अशाच एका दुपारी आईने विचारलं, की मेल्या, ह्या झडपेचं वेड तुला कुठून लागलं. चाचांनी हातातला कप खाली ठेवला. मग त्यांनी सांगितलं. पूर्वी ते घाटकोपरला काम करत. एका चाळवजा इमारतीत वरच्या मजल्यावर नवरा-बायको राहायला आले, त्यांच्या खिडकीला यांनी ग्रिल करून दिलं. मजबूत, बिनझडपेचं. स्टोव्हचा भडका उडाला आणि आग दाराच्या बाजूने पसरली. कुणीतरी यांना बोलवायला धावलं, हे करवत घेऊन धावले. खाली माणसं जमलेली होती. यांनी शिडीवर चढून सळया कापायला घेतल्या. सळया चांगल्या होत्या, हेच वाईट झालं. वेळेत कापून झाल्या नाहीत.

आई म्हणाली, “कोण होती ती? हिंदू काय तुमच्यातली?”

मला तिचा राग आला. चाचांना आलेला दिसला नाही. ते आपल्या तळहाताकडे बघत होते.

“हात बघलंय, काकी. सळयांच्या भायर इल्ले. हातावरून काय कळता?”

आई उठून आत गेली. त्या संध्याकाळी तिने चहा घरातल्या चांगल्या कपात आणला, फुलांच्या नक्षीच्या, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या. चाचांनी कप बघितला, इकडेतिकडे बघितलं आणि विचारलं, “काकी, माजो कप खंय?” ती म्हणाली, की फुटला. फुटला नव्हता, कुंडीमागून काढून तिने तो फडताळात खाली लपवला होता. चाचांनी मान वाकवून फडताळात बघितलं, स्वतःच तो बाहेर काढला आणि तिच्यापुढे धरला. “माका ह्योच बरो. हातात बसलो हा.” त्यांना त्या कपाचा अर्थ ठाऊक होता की नव्हता, हे मला आजही सांगता येत नाही. आईला मात्र ते जन्मभर पुरलं. पुढे त्यांना त्या कपातून चहा देताना दर वेळी तिचा चेहरा उतरायचा. आणि चाचा तर दुसऱ्या कपाला हात लावायचे नाहीत.

चौऱ्याऐंशी साली मे महिन्यात भिवंडी पेटली. पेटत पेटत मुंबईपर्यंत आली. आमच्या सोसायटीत काहीही झालं नाही, हे मी शपथेवर सांगतो. दगड आला नाही, कुणी घोषणा दिली नाही. पण आमच्या लोकांनी भिण्यात काही कमी केलं नाही. गच्चीवर विटा नेऊन ठेवल्या. हॉकी कधी न खेळलेल्या माणसांच्या घरात हॉकी स्टिका आल्या. आणि ज्यांनी ज्यांनी काटकसर म्हणून मागच्या खिडक्यांना ग्रिलं लावली नव्हती, त्यांना ती आता ताबडतोब हवी झाली. शिवाय दाराबाहेर दुसरं लोखंडी दार. शिवाय सोसायटीला मोठं गेट, वर भाल्यांची टोकं असलेलं.

हे सगळं करणार कोण? तर चाचा. दुसरा कुणी ग्रिलवाला आम्हाला माहीतच नव्हता.

तुम्ही विचार करून बघा. मुसलमान येतील म्हणून घाबरलेली माणसं मुसलमानाला सांगत होती, चाचा, लवकर करा, जाड सळी घाला. आणि चाचा खडूने खुणा करत होते. अध्यक्ष त्यांच्या पाठीवर हात टाकून म्हणाले, “तुझी गोष्ट वेगळी रे, तू आपला.” चाचा आमच्याकडे चहाला आले तेव्हा आईला म्हणाले, “काकी, माज्यापासून वाचूक माकाच ऑर्डर दिल्यानी.” आई म्हणाली, “मग बरा घट कर, मेल्या.” दोघं इतकी हसली की चाचांना ठसका लागला. मी हसलो नाही. हसण्यासारखं होतं, पण मला जमलं नाही.

त्या गेटलाही चाचांनी एक लहान दार ठेवलंच.

दंगल निवली आणि आता एकोप्याची लाट आली. पोलीस ठाण्यात सभा झाली, साहेबांनी सांगितलं, की यंदा गणेशोत्सवात सर्वधर्मसमभाव दिसला पाहिजे. दिसला पाहिजे म्हटल्यावर आमच्या अध्यक्षांनी तो दाखवायचं ठरवलं. सोसायटीच्या गणपतीत एका संध्याकाळची आरती चाचांच्या हस्ते. हार, शाल, श्रीफळ, आणि फोटो. फोटो ठाण्यात पाठवायचा.

चाचा आले. पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट, केसांना तेल. तबक धरायची त्यांची पद्धत आमच्यापेक्षा नीट होती, कारण बांद्याला लहानपणी त्यांनी शेजारच्या घरातल्या आरत्या पाहिल्या होत्या. त्यांना चालही येत होती, पण ते तोंडाने म्हणायचे नाहीत, फक्त ताल धरायचे. घरी बायको धुसफुसायची. मशिदीत तर त्यांना चांगलंच ऐकावं लागलं. तुला लाज नाही का, मूर्तीपुढे दिवा ओवाळतोस, नमाजाला आलास तरी मागच्या रांगेत उभा राहा, असं एकाने तोंडावर सांगितलं. इकडचे आणि तिकडचे, दोघेही त्यांना सांगत होते तुझी जागा कुठली ते. मी विचारलं, चाचा, मग येता कशाला? ते म्हणाले, “तिथनं सगळ्या खिडक्या दिसतात ना. गंज कुठे धरला, ते आरती होईपर्यंत बघून होतं.”

पुढे दर वर्षी तो रिवाजच पडला. स्पीकरवरून अध्यक्ष म्हणायचे, आमचे चाचा म्हणजे एकात्मतेचं जिवंत प्रतीक. जिवंत प्रतीक हार सांभाळत उभं असायचं. शाली जमत गेल्या. त्या कुठे ठेवायच्या हा प्रश्न पडायला लागला, कारण शेडमागची खोली होती एवढीशी, आणि वेल्डिंगच्या धुराने त्यांच्या बायकोची छाती भरलेली. रात्र रात्र बसून काढायची ती.

मग शेडची जमीन विकली गेली. तिथे इमारत व्हायची होती. चाचांना जागा सोडायला सांगितलं.

नेमकं त्याच उन्हाळ्यात आमच्या तळमजल्यावरचे बँकवाले निवृत्त होऊन पुण्याला निघाले. त्यांनी आपली जागा चाचांना द्यायची कबूल केली. चाचांनी गावची आंब्याची कलमं विकली, मुलीने काही दिलं, सगळं जुळलं. बँकवाले भला माणूस, त्यांना यात वावगं काही दिसलंच नाही. चाचा पहिल्यांदा आईला सांगायला आले. बसलेही नाहीत, उभ्यानेच सांगितलं. मग मला म्हणाले, चला, बघून येऊ.

त्या रिकाम्या होत चाललेल्या घरात चाचा खिडकीपाशी जाऊन जमिनीवर बसले. ग्रिल त्यांनीच केलेलं. “इतकी ग्रिलं बसवली,” ते म्हणाले, “पण आतून असं बसून बाहेर कधी बघितलं नव्हतं. बरं दिसतं की.” बाहेर दिसत होता सोसायटीचा पंप आणि एक पपईचं झाड. बायकोची खाट या खिडकीखाली ठेवायची, हवा येईल, असं त्यांनी ठरवून टाकलं. झडप उघडून नेहमीसारखं डोकं बाहेर काढलं. तळमजला असल्याने या वेळी कुणी ओरडलं नाही.

सोसायटीची संमती लागत होती. सभा भरली. अध्यक्षांनी सुरुवात केली, “व्यक्तिशः माझा काडीचाही विरोध नाही.” हे वाक्य मी तेव्हापासून जिथे जिथे ऐकलं, तिथे तिथे पुढे काय येणार ते मला ठाऊक असतं. चाचा चांगलेच आहेत, पण उद्या त्यांचे पाहुणे येणार. पाहुण्यांचे पाहुणे येणार. बकरी ईद येणार. बँकवाल्यांच्या डोक्यावर राहणाऱ्या बाई म्हणाल्या, “माझ्या देवघराच्या खाली त्यांचा ओटा येतो. मी काय करू, सांगा.” मग कुणीतरी म्हणालं, मटणाचा वास.

मी उभा राहिलो. म्हटलं, आमच्या घरी बांगडा भाजला की वास थेट अध्यक्षांच्या घरात जातो आणि अध्यक्ष वाटी पाठवतात. यांच्या हातच्या ग्रिलाआड आपण झोपतो, यांच्या हाताने आरती करवून घेतो, मग यांचा ओटा एवढा जड का व्हावा? अध्यक्ष समजुतीच्या सुरात म्हणाले, “साहेब, इमोशनल होऊ नका. आरती वेगळी, शेजार वेगळा.” बाजूने हात वर करायला सांगितले तेव्हा माझा हात होता, बँकवाल्यांचा होता, आणि खाली बघत वर केलेले दोन-तीन. बाकीचे सगळे हात मांडीवर होते. ठराव बारगळला.

चाचांना हे सांगायला कुणी जाईना. शेवटी अध्यक्षांनी वॉचमनला पाठवलं.

ती जागा पुढे एका गृहस्थांना मिळाली. ते रोज पिऊन येत आणि बायकोला मारत. भिंतीपलीकडे सगळं ऐकू यायचं. त्यावर कधी सभा झाली नाही.

त्या वर्षी गणपतीत अध्यक्षांनी चाचांना निरोप पाठवला, नेहमीप्रमाणे या म्हणून. लाज नावाची वस्तू माणसात किती कमी असू शकते, ते मला तेव्हा कळलं. मी आईला म्हटलं, चाचा येणार नाहीत, आले तर मी त्यांच्याशी बोलणार नाही.

चाचा आले. तोच पांढरा शर्ट. तबक धरलं, ताल धरला. स्पीकरवरून एकात्मता झाली. हार पडला, शाल पडली, फोटो निघाला. मी खाली उतरलो नाही, खिडकीतून बघत होतो. आरती चालू असताना ते या वेळी वर खिडक्यांकडे बघत नव्हते. समोर बघत होते.

नंतर ते आमच्याकडे आले. हातात मोठं बोचकं. सोडलं तर आत सगळ्या शाली, घडी न मोडलेल्या. आईपुढे ठेवून म्हणाले, “काकी, गोधडी शिव.” मी न बोलायचं ठरवलं होतं, पण राहवलं नाही. विचारलं, एवढं झाल्यावर आलात कशाला? उत्तर त्यांनी मला दिलं नाही, आईकडे बघून दिलं.

“नाय गेलंय तर म्हणतले, बघलंस, शेवटी तसलोच निघालो.”

आईने त्यांच्या कपात चहा दिला. तो त्यांनी उभ्यानेच घेतला.

ते गोवंडीला गेले. देवनारच्या कचऱ्याच्या डोंगरापाशी त्यांच्या कुणा नातलगाची पत्र्याची खोली होती. आई माझ्या मागे लागली, मला तिकडे ने. जन्मात ती त्या बाजूला गेली नव्हती. नाकाला पदर लावून, साडी वर धरून ती त्या गल्लीतून चालली. कचरा कुठेतरी सतत जळत होता आणि धूर खाली उतरून घरांत शिरत होता. चाचांची बायको भिंतीला टेकून बसली होती. बोलायची तिच्यात ताकद नव्हती, तिने नुसता आईचा हात धरून ठेवला. वेल्डिंगच्या धुरातून तिला बाहेर काढायचं होतं, आणि चाचांनी तिला कुठे आणून ठेवलं होतं. हा हिशेब आमच्या सोसायटीने कधी केला नाही.

आई घरभर बघत होती. चाचांना कळलं ती काय शोधतेय ते. म्हणाले, “ह्या घराक खिडकीच नाय, काकी. झडप खंय ठेवू?”

आईने तिथे चहा घेतला. माझ्या आईने, त्या घरात, त्या घरच्या भांड्यातून. कप रिकामा करून तो पुढे केला आणि म्हणाली, “आणखी घोटभर घाल.” चाचांनी पातेल्यात उरलेला सगळा चहा तिच्या कपात ओतला.

परतताना रिक्षात ती एकच वाक्य बोलली. म्हणाली, की मी त्याला कुंडीमागे ठेवलेल्या कपातून चहा पाजला.

बायको आधी गेली. चाचा नंतर वर्षभराने. आम्हाला कळलं तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. त्यांची मुलगी रत्नागिरीहून आली होती, ती मुद्दाम मुलुंडला येऊन आईला सांगून गेली. अब्बा तुमचं नाव घ्यायचे, म्हणाली. आई तिला खायला घालत राहिली, वाढत राहिली, ती पोरगी पुरे म्हणाली तरी वाढत राहिली. त्यानंतर आईने कुणालाही मेल्या म्हटलेलं मी ऐकलं नाही.

दशक संपता संपता हवा पुन्हा तापली. भिंतीभिंतींवर घोषणा आल्या, लोक पुन्हा गच्चीकडे बघायला लागले. अशात अध्यक्षांच्या डोक्यात एक विचार आला. इमारतीतल्या सगळ्या ग्रिलांना झडपा आहेत. झडपा कुणी ठेवल्या? चाचाने. कुठली कडी कशी आहे, कुठली सैल आहे, त्याला सगळं माहीत. मी सांगितलं, अहो, तो माणूस मेला. अध्यक्ष म्हणाले, “अरेरे. वाईट झालं. पण त्याची माणसं असतील ना.”

सगळ्या झडपा वेल्डिंग मारून बंद करायचं ठरलं. भांडुपहून एक वेल्डर बोलावला. खालच्या मजल्यापासून त्याने सुरुवात केली. दिवसभर निळा उजेड आणि जळक्या लोखंडाचा वास. आपापल्या घरात माणसं उभी राहून आपली बाहेर पडायची जागा बंद होताना बघत होती आणि वेल्डरला सरबत देत होती.

तो सगळ्यात शेवटी, वरच्या मजल्यावर आमच्याकडे आला तेव्हा दुसऱ्या दिवसाची दुपार होती. मी दारातच त्याला नको म्हणून सांगत होतो, अध्यक्ष त्याच्या मागे उभे राहून सोसायटीचा निर्णय सर्वांना लागू असतो असं मला समजावत होते. तेवढ्यात आई उठली. खिडकीपाशी स्टूल ओढून बसली. झडप उघडली आणि उजवा हात खांद्यापर्यंत बाहेर काढून ठेवला.

वेल्डर म्हणाला, “आजी, हात आत घ्या.”

“काढूचंय नाय.”

अध्यक्ष पुढे झाले. “आजी, अहो, तुमच्याच सुरक्षेसाठी चाललंय सगळं.”

आईने त्यांच्याकडे बघितलंही नाही. वेल्डरला म्हणाली, “तुका करूचा आसात तर कर. हातासकट कर.”

तो बिचारा काळी काच हातात घेऊन उभा राहिला. मग वायर गुंडाळायला लागला. अध्यक्ष काहीतरी पुटपुटत जिना उतरले. मी म्हटलं, आई, गेले ते, आता हात आत घे. तिने घेतला नाही. मी खाली अंगणात जाऊन वर बघितलं. मजल्यामागून मजला सगळ्या खिडक्यांच्या झडपांवर काळे ताजे डाग होते. आमच्या खिडकीतून तेवढा एक हात बाहेर आला होता, सुरकुतलेला, मनगटात बांगडी नसलेला. गोंदण एवढ्या लांबून दिसत नव्हतं.

वर आलो. विचारलं, चहा करू का? ती खिडकीबाहेरच बघत होती.

“कर,” ती म्हणाली. “आणि तेच्या कपात हाड.”

कप मी फडताळातून काढून आणला. तो तिने डाव्या हातात धरला आणि चहा संपेपर्यंत उजवा हात बाहेरच ठेवला.